पियानो-टॉप अडकला तर स्क्रू-ड्रायव्हर लांब ठेवा (प्रश्नोत्तरे)

इंग्लंडमध्ये जुन्या डेस्कची दुरुस्ती करतो म्हणून तेच ते प्रश्न परत परत येतात, एकदाच उत्तरं देऊन टाकतो.

डॅव्हनपोर्ट ही कंपनी आहे का?
नाही, हा लिहिण्याच्या छोट्या डेस्कचा प्रकार. लँकेस्टरच्या गिलोज या फर्निचर बनवणाऱ्या कंपनीच्या वहीत १७९०च्या दशकात कॅप्टन डॅव्हनपोर्टच्या डेस्कची नोंद आहे, त्यावरून नाव पडलं.

आमच्या पियानो-टॉप (पियानोसारखं गोलसर झाकण असलेल्या) डॅव्हनपोर्टचा कप्पा बटण दाबलं की वर यायचा, आठ महिने झाले अडकलाय. ऑइल स्प्रे मारू की फटीत काही घालून उचलू?
दोन्ही नको! आणि आठ महिने कशाला थांबलात? बटण दाबलं की आतला खटका सुटतो, मग काही डेस्कमध्ये पुलीवरच्या दोरीला बांधलेली शिशाची वजनं खाली जातात आणि कप्पा वर येतो, काहींत हेच काम स्प्रिंग करते. दोरी कुजून एका बाजूची तुटली की कप्पा तिरका होऊन खाचेत आवळतो, कधी दमट हवेने लाकूडच फुगलेलं असतं, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं आणि जोर लावला की कप्पा आणखी रुततो. माझ्याकडे एक वॉलनटचा डेस्क आला होता, कडेला स्क्रू-ड्रायव्हरचे चार व्रण आणि निघालेलं व्हिनियर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर) नखाएवढ्या तुकड्यांत, पाकिटात घालून आणलेलं. दोरीचं काम किरकोळ होतं हो, पण ते तुकडे जुळवता जुळवता तीन आठवडे गेले. आणि ते स्प्रेचं तर कुणाचंही ऐकू नका, तेल लाकडात मुरतं, त्यावर धूळ बसते आणि पुढे तिथे सरस धरत नाही. ड्रॉवर सहज निघत असतील तर काढून टॉर्चने आत बघा, फोटो काढा आणि याच आठवड्यात बाफ्राच्या (ब्रिटनमधल्या जुन्या फर्निचरच्या रिस्टोररांच्या संघटनेच्या) यादीतल्या रिस्टोररला दाखवा.

डीलर म्हणतो राइटिंग टेबल खुद्द शेरेटनने बनवलंय.
मग पुरावा मागा. शेरेटन या इंग्लिश फर्निचर डिझायनरने १७९१ ते १७९४ मध्ये डिझाइनचं पुस्तक काढलं, त्यात आतून कप्पा वर येणारं हार्लेक्विन टेबलही आहे, पण त्याच्या हातचं म्हणून सिद्ध झालेलं एकही फर्निचर नाही. 'शेरेटन स्टाइल' म्हणा आणि तेवढेच पैसे द्या. गिलोजचा शिक्का बहुतेकदा ड्रॉवरच्या पुढच्या फळीच्या वरच्या कडेला असतो, पण शिक्के नकलीही मारतात, त्यामुळे डीलरशी संबंध नसलेल्या माणसाकडून तपासून घेतल्याशिवाय अ‍ॅडव्हान्स देऊ नका.

ब्रामा लॉकची किल्ली हरवली, ड्रिल करू?
अजिबात नाही. १७८४ च्या पेटंटचं लॉक आहे ते, १८५१ मध्ये हॉब्ससारख्या कुलपं उघडणाऱ्या अमेरिकन उस्तादाला ब्रामा कंपनीच्या दुकानातलं लॉक उघडायला पन्नास तासांवर वेळ लागला होता. जुन्या लॉक्सचं काम करणाऱ्याकडूनच किल्ली करून घ्या.

डेस्कवर वरून पॉलियुरेथेन (आधुनिक प्लास्टिकसारखं व्हार्निश) मारलं तर?
नको.

लेस्टरहून रोझवुडचा डेस्क पुण्याला न्यायचाय.
ब्राझिलियन रोझवुड असेल तर सायटीसची (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची) कागदपत्रं लागतात, शिपिंगवाल्याच्या 'होऊन जाईल'वर जाऊ नका, बुकिंगच्या आधी लाकूड ओळखून घ्या.