खाज येते, सांगायची लाज वाटते

प्रश्न: ताई, मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला आहे. घशासाठी अँटिबायोटिक घेतल्या तेव्हापासून खाली खूप खाज येते, दह्यासारखं घट्ट पांढरं जातंय.

उत्तर: अगं लाजू नकोस, हे बहुतेक यीस्ट इन्फेक्शन आहे, कॅन्डिडा बुरशी अंगात असतेच, अँटिबायोटिकने चांगले जंतू मेले की ती वाढते. सिव्हिलमध्ये लेडी डॉक्टरला दाखवच, क्लोट्रिमाझोलची आत ठेवायची गोळी नाहीतर फ्लुकोनॅझोल १५० मिग्रॅचा एकच डोस देतात, पण दिवस गेले असतील तर ही पोटात घ्यायची गोळी नको. सोलापूरच्या उन्हात घामाने भिजलेली निकर लगेच बदल, सुती वापर, आतून साबण-डेटॉल अजिबात नको! सारखं सारखं होत असेल तर शुगर तपासून घे. घाण वास येत असेल तर आजार वेगळा असू शकतो.