एएमटीची थरथर आणि न वाचता सही केलेलं जॉब कार्ड

नाशकात द्वारका ते अंबड रोजचं जाणं-येणं, पहिल्या गिअरला एएमटी गाडी थरथरते, सर्व्हिसवाले म्हणतात, "ऑटोमॅटिक असंच असतं," मग मॅन्युअलच घ्यायला हवी होती का? ही तुमची पोस्ट वाचून माझीच जुनी रड आठवली. माझी गाडी आणि सर्व्हिस सेंटर कोणतं ते सांगत नाही, उगाच वाद नको.

२०१४ ला मारुतीच्या सेलेरिओत आल्यापासून एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) आपल्या बजेटमध्ये बसली, पण ती आतून मॅन्युअलच. तोच गिअरबॉक्स, तीच क्लच प्लेट. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम फक्त आपल्याऐवजी ॲक्च्युएटर नावाचं यंत्र करतं. टॉर्क कन्व्हर्टर ही वेगळ्या जातीची ऑटोमॅटिक, तिच्यात अशी क्लच प्लेट नसून तेलातून ताकद जाते. तसल्या गाडीवाल्याचा "मला काही त्रास नाही" हा सल्ला म्हणूनच तुमच्या कामाचा नाही.

कसारा घाटात ट्रक आडवा झाला होता. दीड तास मी चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली. जळका वास आला तेव्हा वाटलं, पुढच्या ट्रकचा असेल! क्लच गेला. तो माझ्या पायाने गेला, तक्रार नाही.

नवा क्लच बसवूनही गाडी थरथरायची, मधेच न्यूट्रलला पडायची. तीन चकरा मारल्या. दर वेळी "सॉफ्टवेअर अपडेट केलंय, दोनशे किलोमीटर चालवून बघा." ऑफिसला उशीर होतो म्हणून मी जॉब कार्ड, म्हणजे गाडीची तक्रार आणि काम लिहितात तो कागद, न वाचताच सही करायचो. चौथ्या वेळी ॲक्च्युएटर खराब निघाला, तोवर वॉरंटी संपून दोन महिने झालेले. जुने कागद काढले तर तिन्हींवर "जनरल चेकअप". थरथरीचा एक शब्द नाही! सर्व्हिस सेंटरचे सल्लागार साहेब थंडपणे म्हणाले, "सर, तुमची तशी तक्रारच नव्हती." बिल आठवलं की आजही डोकं फिरतं.

तेव्हा तक्रार तुमच्या शब्दांत, किलोमीटरसकट लिहून घ्या. लिहीत नसतील तर तिथेच उभं राहून ईमेल टाका.

मॅन्युअल घ्यायला हवी होती का? मी मेकॅनिक नाही, पण महिन्यातून दोनदा कसारा किंवा वणीचा गड असेल तर माझं मत मॅन्युअल. नुसतं द्वारकेचं जाम असेल आणि पैसे असतील तर टॉर्क कन्व्हर्टर. आहे त्या गाडीत जामात इंच-इंच सरकू नका, क्लच घासतो; पुढे जागा होऊ द्या. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे.

आणि सकाळी थंड गाडी दाखवायला नेऊ नका. माझी तरी थंड असताना शहाण्यासारखी चालायची. संध्याकाळी जामातून थेट न्या आणि त्यांच्या माणसाला स्वतः चालवायला लावा.