रेडिओची खरखर आणि तुमचा पासवर्ड

प्रश्न: पीसी चालू केला की बाबांच्या रेडिओवर खरखर सुरू होते. म्हणजे शेजारी बसून कुणी माझी स्क्रीन वाचू शकतं का?

खरखर होते म्हणजे पीसीतून रेडिओ लहरी बाहेर पडतायत एवढं नक्की, पण त्यातली बरीचशी पॉवर सप्लायची असते, त्यातून कुणाला अक्षरं काही मिळत नाहीत. स्क्रीनचं मात्र खरं आहे. १९८५ मध्ये विम व्हॅन एक नावाच्या डच माणसाने साध्या टीव्हीला थोडं जोडकाम करून लांबच्या कॉम्प्युटरची स्क्रीन त्यावर उमटवून दाखवली. गंमत अशी की स्क्रीनवर तेच चित्र सेकंदाला पन्नास-साठ वेळा परत परत जात असतं, त्यामुळे ऐकणाऱ्याने नुसती सरासरी काढत बसलं तरी खरखर मागे पडते आणि चित्र वर येतं.

प्रश्न: ते जुन्या डबा मॉनिटरचं झालं, माझा एलसीडी आहे.

मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं! पण केंब्रिजच्या मार्कुस कून यांनी २००० नंतरच्या दशकात दाखवलं की फ्लॅट स्क्रीनही मधल्या भिंती ओलांडून दहाएक मीटरवरून वाचता येते. इथे लहरींची गळती मुख्यतः मॉनिटरच्या केबलमधून होते. २०२४ मध्ये उरुग्वेच्या संशोधकांनी एचडीएमआयच्या (मॉनिटरला चित्र नेणाऱ्या केबलच्या) लहरींना डीप लर्निंग, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारं सॉफ्टवेअर लावलं, मजकूर बराच वाचता आला, तरी प्रत्येक अक्षर बरोबर येत नाहीच.

प्रश्न: आणि कीबोर्ड?

वायरवाला पण गळतो, २००९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या दोघांनी वीस मीटरपर्यंत कळा ओळखून दाखवल्या होत्या. पण स्वस्तातला वायरलेस कीबोर्ड असेल तर एवढी मेहनत कशाला, काही मॉडेल्स कळा कुठलंही एन्क्रिप्शन न करता, म्हणजे सांकेतिक रूपात न लपवता, तशाच हवेत सोडतात.

प्रश्न: प्रत्यक्षात कुणाचं नुकसान झालंय का, की सगळं लॅबमध्येच?

नेदरलँड्सची मतदान यंत्रं! २००६ मध्ये तिथल्या कार्यकर्त्यांनी दाखवलं की मतदाराने कुठला पक्ष निवडला ते काही अंतरावरून रेडिओवर ओळखता येतं, कारण एका पक्षाच्या नावात डोक्यावर तिरकी रेघ असलेलं रोमन अक्षर (è) होतं, ते दाखवताना डिस्प्लेचा वेग बदलायचा आणि रेडिओवर सूर वेगळा लागायचा. एका अक्षराने गुप्त मतदान उघडं पाडलं राव. पुढे तो देश परत कागदी मतपत्रिकेवर आला.

प्रश्न: मग भिंतीला ॲल्युमिनियम फॉइल लावू का?

नको हो. फट राहिली की तिथून निसटतंच, आणि तुमच्यासाठी अँटेना घेऊन जिन्यात बसायला कुणाला एवढा वेळ नाही. माझं सांगतो, मी खिडकीला पाठ करून बसायचो, म्हणजे स्क्रीनचं तोंड खिडकीकडे, एक दिवस समोरच्या विंगमधल्या काकू लिफ्टमध्ये म्हणाल्या, "काय रे, रिटर्न भरलास ना काल?" त्यांच्याकडे अँटेना नव्हती, चष्मा होता. टेबल फिरवलं.