वसईतला नाताळ जुन्या वळणाने कसा साजरा करावा?

तुम्ही विचारलंय, “वसईतला आमचा पहिलाच नाताळ. केक आणि सांताच्या टोपीपलीकडे इथला इतिहास, जुनं साहित्य धरून मुलांसोबत काय करता येईल?” मी इथलाच, कुपारी घरातला, म्हणजे वसईतल्या ख्रिस्ती समाजातला. माझं उत्तर एकच: २४ तारखेला मिस्सेआधी (चर्चमधल्या प्रार्थनेआधी) घरात ख्रिस्तपुराण मोठ्याने वाचा.

ते लिहिणारा फादर थॉमस स्टीफन्स हा मूळचा इंग्रज. १५७९ मध्ये गोव्यात आला, तिथल्याच साष्टी भागात राहिला आणि इथली भाषा अशी शिकला की १६१६ मध्ये त्याचं मराठी ओवीबद्ध पुराण छापून निघालं, तेही रोमन लिपीत. मराठीला त्याने फुलांतली मोगरी, सुगंधांतली कस्तुरी म्हटलंय ते यातच. एकूण ओव्या दहा हजारांवर. घाबरू नका, येशूजन्माचा भाग ‘दुसऱ्या पुराणा’त आहे, तेवढाच घ्या. आजच्या मराठीतल्या अर्थासह छापलेली प्रत शोधा.

पहिल्या वर्षी मी तो पेपर वाचावा तसा वाचला. भाचा मोबाईलमध्ये, भाऊजी जांभया देतायत. मग कोपऱ्यातून आजी म्हणाली, “अरे, ओवी आहे ती, बातमी नाही.” लाल लुगड्याचा पदर सारखा केला, गुडघ्यावर हात आपटत दोन ओव्या जात्यावरच्या चालीत म्हणून दाखवल्या. तेव्हा कुठे पहिल्या तीन चरणांचं यमक माझ्या कानात शिरलं. भाच्याने मोबाईल ठेवला, पण स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटलेलं ऐकून खो खो हसला. हसू द्या. चारशे वर्षांपूर्वी इथल्या माणसाला कळेल असा शब्द फादरने उचलला, हे मुलांना तिथेच सांगता येतं.

दिवसा किल्ल्यात जा. वसई पोर्तुगीजांना देणारा गुजरातच्या बहादूरशहाचा तह २३ डिसेंबर १५३४ चा, म्हणजे ऐन नाताळाच्या तोंडावरचा. संत जोसेफच्या चर्चचा मनोरा अजून उभा आहे, छप्पर मात्र नाही. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला आणि पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात गेल्या. त्यांतली एक वाईजवळ मेणवलीच्या घाटावर आहे, तिच्यावर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मरियाही. मंदिराच्या आवारात टांगलेली! सुट्टीत तिकडे गेलात तर मुलांना ती जवळून दाखवाच.

मुलांना पुराण जड गेलं तर कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या ‘ख्रिस्तायन’ या येशूवरच्या काव्याकडे वळा; ते अर्धवट राहिलं होतं, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. भाषा सोपी आहे. पण मला विचाराल तर आधी स्टीफन्सच.

आणि एका बैठकीला पन्नास ओव्या बस. आम्ही एकदा शंभरावर गेलो, तर मटण गार झालं आणि आजीच आधी ओरडली.