रोज तासभर चालूनही वजन फारसं उतरत नाही, घाम निघेपर्यंत पळायला सुरुवात करू का?

तीन महिने रोज तासभर चालताय, दीड किलो उतरलं, आणि घरचे म्हणतात मेहनत कमी पडतेय, घाम निघेपर्यंत पळ. पळावं का, असं तुम्ही विचारलंय. नका पळू. निदान घामासाठी तरी नका. दीड किलो उतरलं म्हणजे तुमची दिशा बरोबर आहे, फक्त हिशेब थोडा कमी पडतोय. त्याकडे येते, पण "मेहनत कमी पडतेय" हे वाचलं आणि मला लिहिल्याशिवाय राहवेना.

मी सव्वीस वर्षांची असताना माझं वजन 84 किलो होतं. मोठा भाऊ शाळेपासून खेळाडू. त्याने मला बारीक करायचं मनावर घेतलं. पहाटे साडेपाचला उठवायचा, पाणी न झिरपणारं जाकीट घालायला लावायचा, चेन गळ्यापर्यंत ओढून, आणि पाऊण तास पळवायचा. परत आल्यावर हात खाली सोडले की बाह्यांतून घामाची धार लागायची. फरशीवर पाणी साचायचं. दादा त्याकडे बोट दाखवायचा, "ही बघ तुझी चरबी." मग काट्यावर उभं करायचा. पळण्याआधीचं वजन, नंतरचं वजन, निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत दोन रकाने. एका दिवसाचे आकडे अजून पाठ आहेत: 83.6 आणि 82.3.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटा परत 83.5 वर. दादाने वही माझ्यापुढे धरली आणि सगळ्यांदेखत विचारलं, "रात्री उठून काय खाल्लंस?" काहीही खाल्लं नव्हतं. तहान लागली म्हणून तीन-चार पेले पाणी प्यायले होते, तेवढंच. त्याने त्या ओळीपुढे लाल पेनने लिहिलं, "चोरून खाल्लं". पुढच्या दीड महिन्यात ते दोन शब्द त्या वहीत नऊ वेळा आले. तेव्हा मी दिवसाला जेमतेम आठशे कॅलरी खात असेन. सातव्या आठवड्यात पळताना डोळ्यांपुढे अंधारी आली, खाली बसले ती बराच वेळ उठताच येईना. त्या दिवशी जाकीट कायमचं काढलं. तोवर 9 किलो उतरले होते, वर्षभरात 12 चढले. दादाचं त्यावर एकच म्हणणं, "तुझ्यात जिद्दच नाही."

हा वाद मी कित्येक वर्षं मनातल्या मनात घालत होते, कारण हातात उत्तर नव्हतं. आता आहे. घाम म्हणजे अंग गार ठेवायला शरीराने सोडलेलं पाणी आणि मीठ. त्यात चरबी नसते. 2014 साली दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याचा हिशेब मांडला: 10 किलो चरबी जळते तेव्हा तिच्यातले 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जातात आणि उरलेल्या 1.6 किलोचं पाणी होतं. म्हणजे चरबी जाते ती मुख्यतः नाकातोंडाने. आणि एक किलो चरबीत असतात साधारण 7,700 कॅलरी. पाऊण तासात 1.3 किलो चरबी घालवायची तर दहा हजार कॅलरी जाळाव्या लागतील. 42 किलोमीटरची अख्खी मॅरेथॉन पळणाऱ्याच्याही तीन हजारांच्या आसपासच जळतात! बाह्यांतून गळलं ते माझं पाणी होतं, प्यायल्यावर ते परत येणारच होतं.

जिद्दीचंही सांगते. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला 36 निरोगी तरुणांना सहा महिने अर्ध्या अन्नावर ठेवलं होतं, दिवसाला साधारण 1,570 कॅलरी. सगळे स्वतःहून आलेले, म्हणजे जिद्द होतीच. तरी ते दिवसभर खाण्याचाच विचार करत आणि पाककृतींची पुस्तकं वाचत बसत. उपाशी शरीर असंच वागतं. त्याला चारित्र्याचा दोष म्हणणं अन्याय आहे, आणि तो अन्याय घराघरांत होतो.

आता तुमचं. तासभर चालून तुमच्या 250 ते 300 कॅलरी जळत असतील. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे 120 असतात, म्हणजे अडीच चमच्यांत तुमचं चालणं फिटलं. आठवडाभर तेल, साखर आणि मधल्या वेळचं खाणं चमच्याने मोजा. अंदाज सगळ्यांचाच कमी येतो, माझाही आला. रोजच्या गरजेपेक्षा 300 ते 500 कॅलरी कमी खा, त्याहून जास्त कापू नका. कडधान्यं, अंडी, मासे, दही, जे चालत असेल त्यातून प्रथिनं वाढवा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तुमची 420 होतात. मेहनत कमी कुठे आहे? पण तीच संघटना आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचा व्यायामही सांगते, तो तुमच्या प्रश्नात कुठेच दिसला नाही. वजन उचला, उठाबशा काढा, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातो. काट्यावर रोजचा आकडा बघू नका, आठवड्याची सरासरी काढा आणि बेंबीच्या रेषेत कंबर मोजा. दुसऱ्या वेळी मी हेच केलं. 14 महिन्यांत 13 किलो गेले, सहा वर्षं झाली, परत आलेले नाहीत.

हे आधी सांगायला हवं होतं: थायरॉइड, पीसीओडी, मधुमेहाची औषधं किंवा स्टेरॉइड चालू असेल तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला. तिथे माझा हिशेब जसाच्या तसा लागू होणार नाही.

मागच्या महिन्यात दादाचा फोन आला. रक्तदाब वाढलाय, वजन कमी करायला सांगितलंय. म्हणाला, "तू तेल मोजतेस तो चमचा छोटा की मोठा?" मी सांगितलं, मोठा, 15 मिलिलिटरचा. बाकीचंही सगळं नीट समजावलं. मग म्हटलं, ती निळी वही माझ्याकडे आहे, येशील तेव्हा ते नऊ लाल शेरे तुझ्या हाताने खोड. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "बरं, येतो."