सासूबाई पुण्याला असताना माळा रिकामा करू का?

प्रश्न : जुन्या नाशकात तांबट लेनजवळच्या वाड्यात आम्ही राहतो. आमचा हिस्सा विकून आता पाथर्डी फाट्याला दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला आहे. दीड महिन्यात जायचं आहे. सासरे प्रेसमधून निवृत्त झालेले, गेल्या वर्षी गेले. सासूबाई एक वाटीही टाकू देत नाहीत. माळ्यावर दोन ट्रंका भरून भांडी, तांब्याचा बंब, जातं, गाद्यांचा ढीग, शिवाय सासऱ्यांच्या कागदांचं कपाट. यजमान म्हणतात, "भंगारवाल्याला बोलव आणि मोकळी हो." पुढच्या आठवड्यात सासूबाई आठ दिवस नणंदेकडे पुण्याला चालल्या आहेत. मुलांना हाताशी घेऊन तेवढ्यात गुपचूप सगळं काढून टाकू का? दोन दिवस चिडतील, मग विसरतील.
– एक सून

प्रिय ताई,

नको. एवढं करू नका. तुम्ही थकला आहात हे ओळीओळीतून कळतं, आणि मुदत जवळ आली की दुसरं काही सुचत नाही, हेही खरं. पण त्या विसरणार नाहीत. वर्षभरात नवरा गेला, राहतं घर चाललं आहे, आणि पुण्याहून येऊन पाहावं तर ट्रंकाही गेलेल्या! पुढे तुम्हा दोघींना एकाच स्वयंपाकघरात वावरायचं आहे. साधी गाळणी सापडली नाही तरी "तीही दिलीस का?" असं त्या विचारतील आणि तुम्हाला मान खाली घालावी लागेल.

पत्र वाचताना एक जाणवलं. अडगळीची यादी सगळी सासूबाईंची आहे. तुमचं, यजमानांचं, मुलांचं सामान कुठे गेलं? बंद पडलेला मिक्सर, टीव्हीचं खोकं, कधीकाळच्या शाळेच्या वह्या, पार्सलचे प्लास्टिकचे डबे, वर्षानुवर्षं घडी न मोडलेल्या साड्या कुठल्या घरात नसतात? ते आठ दिवस यासाठी वापरा. कोरडा कचरा घंटागाडीत, रद्दी रद्दीवाल्याला, चांगले कपडे ज्याला लागतील त्याला विचारून. सासूबाई परत येतील तेव्हा तुमचं कपाट आधी रिकामं झालेलं त्यांना दिसू दे. मग त्यांच्या सामानाचा विषय काढायला तुम्हाला तोंड राहील.

विषय काढताना "काय टाकायचं?" असं विचारू नका. फ्लॅटमधल्या त्यांच्या खोलीचं टेपने माप घ्या, आणि वाड्याच्या ओसरीवर तेवढाच चौकोन खडूने आखा. दार कुठे, खिडकी कुठे, पलंग कुठे, तेही दाखवा. मग म्हणा, "आई, ही तुमची खोली. यात काय काय ठेवायचं ते तुम्ही सांगा." दहा बाय अकराची खोली तोंडाने सांगून कळत नाही. चौकोनात दिवाण ठेवला की जात्याला जागा उरत नाही हे त्यांना स्वतःला दिसतं, आणि निवड त्यांची राहते. त्या चौकोनात त्यांनी जे ठेवलं, त्यावर तुम्ही आणि यजमानांनी पुन्हा चकार शब्द काढायचा नाही.

भांड्यांना मात्र वेळ द्या. ट्रंक एकटीने उघडू नका, त्यांच्याजवळ बसून उघडा. जुन्या पातेल्याचा काठ बोटाने चाचपून बघा. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव लागेल, कुणाच्या लग्नात कुणी दिलं ते, कधी सालही. त्या पातेल्यामागे एक मावशी किंवा एखादा मामा उभा असतो. तो किस्सा ऐकून घ्या, मोबाईलवर नावाचा फोटो काढा, जमलं तर त्यांचा आवाजही टिपून ठेवा. ऐकणारं कुणी मिळालं की हात सैल होतो, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. मग त्याच म्हणतील, "हे धाकटीला देऊन टाक."

जे विकायचं ठरेल ते दारावर अंदाजपंचे देऊ नका. भांडी बाजार तुमच्या उंबऱ्यापाशी आहे. तांबं, पितळ, कासं वेगवेगळं करा, कारण तिघांचे भाव वेगळे. काशाची वाटी पितळेच्या भावात गेली तर नुकसान तुमचं. घरी वजन करून न्या, दोन दुकानांत मोडीचा भाव विचारा, लोखंडी कड्यांचं वजन वजा होणार हे धरून चला. पैसे सासूबाईंच्या हातात द्या. त्यातून नव्या घरासाठी काय घ्यायचं ते त्या ठरवतील.

कागदांचं कपाट हे यजमानांचं काम. "भंगारवाल्याला बोलव" म्हणणाऱ्या माणसाने दोन रविवार खाली बसून एकेक फाइल उघडावी. सासूबाईंच्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी पीपीओ (म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि मृत्यूचा दाखला जपायचा आहेच. पण जुनी पासबुकं, मुदत ठेवीच्या पावत्या, कागदी शेअर सर्टिफिकेटं, विम्याच्या पॉलिसीही त्याच ढिगात निघतात. दहा वर्षं हात न लागलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. तरी वारसाला ती बँकेकडून मागता येते. कुठल्या बँकेत काय पडून आहे हे शोधायला २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने 'उद्गम' पोर्टल सुरू केलं. सात वर्षं लाभांश न उचललेले शेअरही सरकारी निधीत जातात, तेही अर्ज करून परत मिळवता येतात. बाकीची जुनी बिलं खुशाल रद्दीत जाऊ देत. खातं क्रमांक, सह्या असलेले कागद आधी फाडा.

देवांचे जीर्ण फोटो असतील तर ते गोदेत सोडू नका. काच, चौकट वेगळी करा, कागद भिजवून तुळशीच्या मातीत मिसळा. हे सासूबाईंच्या हातून झालं तर त्यांना बरं वाटेल.

गाद्यांमधला चांगला कापूस निवडून दोन पातळ गाद्या भरून घ्या, उरलेलं देऊन टाका. जातं जड आहे. नणंदबाईंना हवं असेल तर त्यांनी न्यावं, नाहीतर तुमच्या सोसायटीच्या बागेत ठेवता येईल का विचारा. बंबाबद्दल मी काही सांगणार नाही. तो सासूबाईंनीच ठरवायचा.

आणि नणंदबाईंना आजच यजमानांकडून फोन करवा. आई आठ दिवस तिथे आहेत, तेवढ्यात माहेरचं काय काय हवं ते त्यांनी आईशीच बोलून ठरवावं, आणि परत सोडायला येतील तेव्हा गाडीत घालून न्यावं.

– तुमची ताई