बेंगळूरचे साडेसोळा लाख मोठे की पुण्याचे तेरा लाख ऐंशी हजार?

वडगाव, बेळगाव येथील एका वाचकाचे पत्र आले आहे. वय ३५, उद्यमबागेतील एका कारखान्यात यांत्रिकी अभियंता, हातात येणारा पगार ५२,००० रुपये. पत्नी मराठी माध्यमाच्या खासगी शाळेत शिक्षिका असून तिला १६,००० रुपये मिळतात. मुलगी चौथीत आहे, आई-वडील सोबत राहतात आणि घर वडिलांच्या नावावर आहे. बेंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतील एका डिझाइन कंपनीने वार्षिक १६.५० लाखांचा, तर चाकणच्या एका कारखान्याने १३.८० लाखांचा प्रस्ताव दिला आहे. ते विचारतात, ‘बेंगळूर जवळजवळ पावणेतीन लाख जास्त देत असताना पुण्याचा विचार कशासाठी करायचा? आणि हिंडलग्याकडचा प्लॉट विकून तिकडेच फ्लॅट घेऊन टाकू का?’

तुमच्या पत्रासोबतची दोन्ही पगारपत्रके मी ओळीनओळ पाहिली. तुम्ही ज्या दोन आकड्यांची तुलना करता आहात ते कंपनीला तुमच्यावर होणाऱ्या खर्चाचे आकडे आहेत, त्यामुळे तुमच्या घरात दरमहा काय येईल हे त्यांवरून समजत नाही. बेंगळूरच्या १६.५० लाखांत १,६५,००० रुपये कामगिरीवर अवलंबून आहेत, ९९,००० रुपये भविष्य निर्वाह निधीतील कंपनीचा वाटा आहे आणि सुमारे ४०,००० रुपये ग्रॅच्युइटीपोटी धरलेले आहेत. ते वजा केल्यावर निश्चित पगार १३,४६,००० रुपये उरतो. त्यातून निधीतील तुमचा वाटा ९९,०००, व्यवसाय कर २,५०० आणि नव्या करप्रणालीनुसार उपकरासह सुमारे ७३,५०० रुपये प्राप्तिकर गेला की महिन्याला साधारण ९७,५०० रुपये हातात येतात.

पुण्याच्या प्रस्तावात कामगिरीवर अवलंबून असलेला भाग फक्त ६०,००० आहे, कंपनीचा निधीतील वाटा ८२,८०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ३३,२०० आहे, म्हणजे निश्चित पगार १२,०४,००० रुपये. पगारदारांना मिळणारी ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट धरल्यावर करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत राहते आणि नव्या प्रणालीतील सवलतीमुळे कर शून्य होतो. व्यवसाय कर कर्नाटकातही वर्षाला २,५०० आणि महाराष्ट्रातही २,५०० असल्याने तिथे फरक पडत नाही. हातात येतात महिन्याला सुमारे ९३,२०० रुपये. पावणेतीन लाखांचा तो फरक अशा रीतीने महिन्याला ४,३०० रुपयांवर, वर्षाला ५२,००० रुपयांवर येतो. बेंगळूरची कंपनी कामगिरीचा भाग दर वर्षी पूर्ण देईल असे मानले आणि पुण्याचाही पूर्ण धरला, तरी करानंतर हा फरक १,३२,००० च्या वर जात नाही.

आता भाडे. तुम्ही स्वतः चौकशी करून कळवलेले आकडेच मी घेतो : इलेक्ट्रॉनिक सिटीजवळ दोन खोल्या-हॉल-स्वयंपाकघराचे घर देखभाल खर्चासह ३६,००० रुपये आणि अनामत अडीच लाख, चाकणजवळच्या मोशीत तसेच घर २२,००० रुपये आणि अनामत ६०,०००. भाड्याचाच फरक वर्षाला १,६८,००० रुपये होतो. बेंगळूरात मोठ्या अनामतीची रीत जुनी आहे आणि त्या पैशावर व्याज मिळत नाही, त्यामुळे अडकलेल्या जादा १,९०,००० रुपयांवरचे सात टक्क्यांनी १३,००० रुपये बुडाले हेही मांडावे लागते. बेंगळूरच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे जमा करतो : तिथे भविष्य निर्वाह निधीत दोन्ही वाटे मिळून पुण्यापेक्षा वर्षाला ३२,४०० रुपये जास्त साठतील. ते धरल्यावर, कामगिरीचा भाग पूर्ण मिळालेल्या वर्षी बेंगळूर पुण्याच्या थोडेच मागे राहते, आणि तो न मिळालेल्या वर्षी जवळजवळ एक लाखाने मागे पडते.

या हिशेबात तुम्ही एक शहर धरलेलेच नाही, ते म्हणजे बेळगाव. आज दोघांचे मिळून ६८,००० रुपये घरात येतात आणि भाडे शून्य आहे. पुण्यात तुमच्या एकट्याच्या पगारातून भाडे गेल्यावर ७१,२०० उरतात, बेंगळूरात ६१,५००. म्हणजे पहिल्या वर्षी, पत्नीला काम मिळेपर्यंत, बेंगळूरला जाऊन तुम्ही आजच्यापेक्षा महिन्याला साडेसहा हजारांनी गरीब व्हाल. तुम्ही लिहिले आहे की सध्याच्या कारखान्यात तीन वर्षांत नाममात्र पगारवाढ झाली आणि वरची जागा रिकामी होण्याची शक्यता नाही. ते खरे असेल तर बेळगाव सोडण्याचे कारण मला पटते. पुण्यात निधीत वर्षाला १,६५,६०० रुपये जमा होतील, आज ७५,००० च्या आसपास होतात, आणि पस्तिसाव्या वर्षी हा फरक लहान नाही.

माझ्या मते हा निर्णय तुमच्या पत्नीच्या नोकरीवर ठरायला हवा, आणि पत्रात त्यांच्या नोकरीविषयी एकच वाक्य आहे याचे मला वाईट वाटले. त्यांचे १६,००० रुपये म्हणजे वर्षाला १,९२,००० रुपये, आणि दोन प्रस्तावांतील कोणत्याही खऱ्या फरकापेक्षा ही रक्कम मोठी आहे. मराठी माध्यमात दहा वर्षे शिकवलेल्या शिक्षिकेला पुणे-पिंपरी-चिंचवडमध्ये स्वतःच्याच विषयाचे काम शोधता येते, बेंगळूरात तिला जवळजवळ नव्याने सुरुवात करावी लागेल. महाराष्ट्राची शिक्षक पात्रता परीक्षा वेगळी आहे, तिची तयारी त्यांनी आतापासूनच सुरू करावी. बेळगावातून बाहेर गेलेल्या कुटुंबांचे हिशेब मी पाहत आलो आहे, आणि ज्या घरांत दुसरा पगार थांबला आणि पुन्हा सुरू झाला नाही, त्या घरांत मोठ्या शहरातला मोठा पगारही शिल्लक ठेवू शकला नाही.

मुलीच्या शिक्षणाचा खर्च तुम्ही फक्त शाळेच्या शुल्कापुरता मांडला आहे. त्याहून महत्त्वाचा मुद्दा आठ वर्षांनंतरच्या, म्हणजे बारावीनंतरच्या अभियांत्रिकीसारख्या प्रवेशाचा आहे. कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेतील राज्याच्या जागांसाठी सर्वसाधारण अट अशी की विद्यार्थ्याने राज्यात किमान सात वर्षे शिक्षण घेतलेले असावे आणि दहावी किंवा बारावी इथूनच उत्तीर्ण व्हावी. चौथीनंतर पुण्याला गेल्यास ती अट पूर्ण होत नाही. महाराष्ट्राने वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी ठेवलेल्या जागा सीमाभागातील शाळा-महाविद्यालयातून उत्तीर्ण होणाऱ्यांसाठी आहेत, त्यामुळे पुणे आणि बेंगळूर या दोन्ही वाटांनी तो हक्क जातो. महाराष्ट्राचा अधिवास दाखला साधारणपणे पंधरा वर्षांच्या वास्तव्यावर मिळतो आणि मुलगी बारावीला येईपर्यंत पंधरा वर्षे होणार नाहीत. मात्र अभियांत्रिकी प्रवेशाच्या नियमांत जन्म महाराष्ट्रात झाला असणेही धरले जाते. पत्नीचे माहेर गडहिंग्लजचे आहे असे तुम्ही लिहिले आहे. पहिले बाळंतपण तिथे झाले असेल तर मुलीचा जन्मदाखला आणि आईची महाराष्ट्रातील कागदपत्रे आजच जपून ठेवा, आणि पुण्यात गेल्यावर पहिल्याच वर्षी चालू नियमपुस्तिका पाहून घ्या. ज्या घरात हा दाखला नसेल, त्या घराला मी हाच सल्ला इतक्या सहजपणे देणार नाही.

आई-वडील वडगावातच राहणार आहेत. पुणे रस्त्याने सुमारे ३४० किलोमीटर आहे आणि बेंगळूर सुमारे ५००, दोन्ही एकाच राष्ट्रीय महामार्गावर. ऑगस्ट २०२५ पासून बेळगाव-बेंगळूर वंदे भारत सुरू झाली आहे, राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्रीची आहेच. पुण्यासाठी हुबळी-पुणे वंदे भारत आठवड्यातून तीनच दिवस आहे, पण बसगाड्या भरपूर आहेत आणि रात्री निरोप आला तर पहाटे घरी पोहोचता येते. वर्षाला आठ-दहा फेऱ्यांचा खर्च वेगळा काढून ठेवा. कंपनीच्या गटविम्यात आई-वडिलांना घेतले तरी त्यांच्यासाठी स्वतंत्र आरोग्यविमा घ्याच, कारण नोकरी बदलली की गटविमा संपतो. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा वस्तू व सेवा कर शून्य झाला आहे, त्यामुळे हप्ता पूर्वीपेक्षा थोडा सुसह्य आहे.

पुण्याचे एक खर्चिक टोक तुमच्या लक्षात आलेले दिसत नाही. तुमची गाडी केए-२२ ची आहे. बेंगळूरला ती तशीच चालेल, पण महाराष्ट्रात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवायची तर बेळगावच्या परिवहन कार्यालयाचा ना हरकत दाखला आणून तिथे नव्याने नोंदणी करावी लागते, तिथला कर भरावा लागतो आणि इथल्या उरलेल्या कराचा परतावा मागावा लागतो. गाडी सात वर्षांची आहे. मी तुमच्या जागी असतो तर ती वडिलांसाठी बेळगावातच ठेवली असती आणि चाकणला कंपनीच्या बसने गेलो असतो, कारण नाशिक महामार्गावरची मोशी-चाकण पट्ट्यातली कोंडी रोज स्वतः गाडी चालवून सोसण्यासारखी नाही. प्रवासाच्या बाबतीत बेंगळूरचे पारडे जड आहे हे मान्य केले पाहिजे : ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली पिवळ्या मार्गाची मेट्रो इलेक्ट्रॉनिक सिटीतूनच जाते.

प्लॉट विकू नका. निदान तीन वर्षे तरी नाही. तो तुम्ही २०१२ मध्ये सहा लाखांना घेतला आणि आता २८ लाख मिळतील असे म्हणता. २२ लाखांच्या नफ्यावर साडेबारा टक्के दराने उपकरासह २,८६,००० रुपये कर होतो. विक्रीची पूर्ण रक्कम मुदतीत राहत्या घरात गुंतवली तर तो वाचतो हे खरे, पण त्यासाठी नव्या शहरात, जिथे अजून एक पावसाळाही काढलेला नाही, तिथे दोन वर्षांच्या आत घर खरेदी करण्याची घाई होते. खरेदीचा वरखर्चही पाहा. पिंपरी-चिंचवडमध्ये ७५ लाखांच्या फ्लॅटवर सात टक्के मुद्रांक शुल्क आणि ३०,००० रुपये नोंदणी शुल्क म्हणजे ५,५५,००० रुपये जातात. पत्नीच्या एकटीच्या नावावर घेतल्यास मुद्रांकात एक टक्का सवलत आहे. कर्नाटकात ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस नोंदणी शुल्क एक टक्क्यावरून दोन टक्के झाले, त्यामुळे मोठ्या किमतीच्या घरावर अधिभारासह एकूण साडेसात टक्क्यांच्या वर भार पडतो. नोकरी जमली नाही आणि दोन वर्षांत परतावे लागले तर हे पैसे परत मिळत नाहीत, आणि बेळगावात तसा प्लॉट पुन्हा त्या भावात मिळणार नाही. भाड्याने राहा, करार नोंदणीकृत करून घ्या, आणि शाळा, नोकरी, शेजार स्थिरावल्यावर घराचा विषय काढा.

पतसंस्थेतल्या चार लाखांच्या ठेवीबद्दल दोन गोष्टी. बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतील ठेवीला ते नसते. आणि तुम्ही जिला ‘अडीअडचणीचा पैसा’ म्हणता ती सगळी रक्कम तिथेच आहे. मुदत संपताच किमान तीन लाख बँकेत हलवा. दुसरे असे की पुण्यात कामगिरीचा भाग पूर्ण मिळाला तर तुमचे करपात्र उत्पन्न ११,८९,००० होते आणि नऊ टक्क्यांचे ३६,००० रुपये व्याज त्यात मिळवले की ते १२ लाखांवर २५,००० रुपये जाते. त्या टप्प्यावर वरच्या रकमेइतका कर लागतो, म्हणजे ३६,००० रुपयांच्या व्याजापैकी उपकरासह २६,००० रुपये करात जातील. यावर सरळ उपाय आहे : रुजू होतानाच पगाराच्या रचनेत राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत कंपनीचे योगदान मागून घ्या. मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंतचे योगदान नव्या प्रणालीतही वजा होते, आणि महिन्याला अडीच हजारांचे योगदानसुद्धा तुम्हाला पुन्हा १२ लाखांच्या आत आणते.

तेव्हा माझे मत पुण्याच्या बाजूने आहे, आणि ते भाडे, पत्नीचे काम व वडगावचे अंतर या तीन कारणांसाठी आहे. डिझाइनचे काम तुम्हाला मनापासून हवे आहे हे पत्रातून जाणवते, म्हणून बेंगळूरच्या कंपनीला एकदा नकार देण्यापूर्वी विचारा. एकूण प्रस्ताव २० लाखांच्या आसपास नेण्याची आणि कामगिरीचा भाग निश्चित पगारात वर्ग करण्याची त्यांची तयारी असेल तर पत्नीचा पगार थांबला तरी हिशेब जुळतो, आणि मग मला पुन्हा लिहा.

राजीनाम्याची तारीख मात्र घाईने ठरवू नका. सध्याच्या कारखान्यात येत्या मे महिन्याच्या २० तारखेला तुमची पाच वर्षे पूर्ण होतात. २६,००० च्या मूळ पगारावर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी ७५,००० रुपये होते, मोशीच्या घराची अनामत आणि सामान हलवण्याचा खर्च त्यातच भागेल. महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, म्हणून चाकणच्या कंपनीकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात रुजू होण्याची मुदत लेखी मागा, मुलीची चौथीची परीक्षा इथेच होऊ द्या, आणि भविष्य निर्वाह निधी काढून न घेता त्याच सार्वत्रिक खाते क्रमांकावर (यूएएन) नव्या कंपनीकडे वर्ग करा.